निबंध उद्या, स्वभाव आज

दिवाळीचा अंक पहिल्या पानापासून वाचणारा वाचक मी अजून पाहिलेला नाही. संपादकांनी मोठ्या कष्टाने मांडलेली अनुक्रमणिका, नामवंतांच्या कथा, रंगीत चित्रे हे सारे ओलांडून घरातली मंडळी थेट शेवटची पाने गाठतात आणि आपापली रास शोधतात. आजोबा चष्मा पुसत म्हणतात, ‘‘माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. हं, वाच पाहू, वृश्चिकेला काय दिलंय?’’ वृश्चिकेला दिलेले असते की वर्षाचा पूर्वार्ध ओढाताणीचा, उत्तरार्ध बरा, प्रकृतीला जपावे, जवळच्या माणसांशी बोलताना शब्द तोलून वापरावेत. ‘‘बघा, अगदी बरोबर आहे!’’ असे म्हणून आजी आजोबांकडे अर्थपूर्ण नजरेने पाहतात आणि सर्वजण समाधानाने चकलीकडे वळतात.

घरातली कॉलेजात जाणारी पिढी या वाचनात नसते. ती कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली असते आणि वडीलधाऱ्यांच्या भाबडेपणाला मनातल्या मनात हसत असते. पण तिच्या हातातल्या पडद्यावर काय चालले आहे ते जरा डोकावून पहा. तेथे प्रश्न विचारलेला असतो : ‘फराळाच्या ताटातला तुम्ही कोणता पदार्थ?’ दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पाऊस आवडतो की थंडी? मित्र चिडला तर तुम्ही काय करता? दहाव्या प्रश्नावर बोट टेकताच निकाल हजर : ‘तुम्ही अनारसा आहात! वरून खुसखुशीत, आतून हळुवार. तुम्हाला समजून घ्यायला लोकांना वेळ लागतो.’ आणि आजोबांची नात आजीच्याच सुरात म्हणते, ‘‘अगदी बरोबर आहे!’’

फराळाचे ताट हा झाला त्यातला पोरकट प्रकार. याहून गंभीर चेहऱ्याच्या चाचण्याही आहेत. त्या माणसाला सोळांपैकी एका कप्प्यात बसवतात, चार इंग्रजी अक्षरांचे नाव देतात आणि वर चार-पाच पानांचे स्वभाववर्णन हाती ठेवतात. मी कॉलेजात मराठी शिकवते. या चाचण्यांचा हंगाम कोणता, हे मला कोणत्याही पंचांगावाचून सांगता येते. पहिले सत्र संपत आले, अंतर्गत गुणांचे निबंध द्यायची तारीख फळ्यावर लागली, की वर्गात आत्मज्ञानाची लाट येते. एरवी जून ते सप्टेंबर ‘मी कोण?’ हा प्रश्न कोणालाही पडलेला नसतो.

यंदा तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आहे. दीड हजार शब्दांचा निबंध, गुण वीस, विषय ‘स्मृतिचित्रांतील स्वभावदर्शन’. निबंध द्यायला दोन दिवस उरलेले असताना डोंबिवलीहून येणारा एक विद्यार्थी ग्रंथालयाच्या खिडकीपाशी बसलेला दिसला. मुलगा हुशार. वर्गात फारसा बोलत नाही, पण बोलला तर मुद्द्याचे बोलतो. समोर कोरा कागद, कागदावर पुस्तक पालथे, पुस्तकावर मोबाईल.

‘‘काय रे, कुठवर आलं?’’

‘‘सुरुवातच होत नाहीये, मॅडम.’’

‘‘मग सकाळपासून काय करतोयस?’’

‘‘स्वभाव बघत होतो.’’

‘‘कोणाचा? लक्ष्मीबाईंचा?’’

‘‘नाही, मॅडम. माझा.’’

आठवड्यात त्याने अकरा चाचण्या दिल्या होत्या. त्यांतल्या सर्वांत भारदस्त चाचणीने त्याला ‘नियोजक’ ठरवले होते : दूरदृष्टीचा, शिस्तप्रिय, हाती घेतलेले काम तडीस नेणारा. हे त्याने मला वाचून दाखवले आणि त्यातली गंमत त्याच्याच लक्षात येऊन तो लाजला. लाजणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मला नेहमीच आशा वाटते.

या कारभाराला ‘आळस’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. शब्दांच्या बाबतीत मी जरा चिकित्सक आहे, म्हणून सांगते, हा आळस नव्हे. आळशी माणूस काहीच करीत नाही. तो पडून राहतो आणि त्यात सुखी असतो. दिरंगाई हा शब्द फारसीतून आला, म्हणून तो कचेरीत शोभतो. तेथे काम टेबलावर पडून राहते, माणसाला त्याचे सुखदुःख नसते. चालढकल करणारा काम आजवरून उद्यावर ढकलतो. पण टंगळमंगळ? टंगळमंगळ करणारा माणूस अतिशय उद्योगी असतो. तो सारे काही करतो, फक्त ते एक काम तेवढे करीत नाही. आमच्या वेळी वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या रात्री एक मैत्रीण कपाट आवरायला काढी. वर्षभर ज्याला हात लागला नाही, त्या कपाटात नवे कागद घातले जात, साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या जात. ती आळशी होती असे कोण म्हणेल?

मानसशास्त्रज्ञांनी या टंगळमंगळीचा बराच पाठपुरावा केला आहे. टाइस आणि बाउमाइस्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९७ साली विद्यार्थ्यांच्या सत्रनिबंधांच्या निमित्ताने केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. निबंध लांबणीवर टाकणारी मुले सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा मजेत होती. त्यांच्या मनावर ताण कमी, दुखणीबाणीही कमी. सत्र संपत आले तसे पारडे फिरले. ताण वाढला, दुखणी वाढली, एकूण हिशेबात सुखापेक्षा त्रास जास्त निघाला आणि गुण कमी पडले ते वेगळेच. म्हणजे हे सावकाराकडून घेतलेल्या कर्जासारखे झाले. पुढे २०१३ साली आणखी दोघा अभ्यासकांनी असे मांडले की, चालढकलीचा प्रश्न वेळापत्रकाचा कमी आणि मनःस्थितीचा अधिक आहे. कामाकडे पाहिले की मनात काहीतरी टोचते, भीती म्हणा, कंटाळा म्हणा, संकोच म्हणा. ते टोचणे तात्पुरते थांबवण्यासाठी माणूस दुसरीकडे वळतो. तेव्हा ‘वेळापत्रक कर’ असे मुलाला सांगण्याआधी ‘काय टोचतंय?’ असे विचारायला हवे.

आता हे टोचणे थांबवायला स्वभावचाचणीइतके सोयीचे औषध दुसरे नाही. कपाट आवरताना आपण अभ्यास टाळतो आहोत हे निदान कळते तरी. चाचणी ही अभ्यासासारखीच दिसते. तीत प्रश्न असतात, विचार करावा लागतो, शेवटी निकाल लागतो. आणि या परीक्षेत नापास कोणीच होत नाही. निबंधाला वीसपैकी आठ गुण पडू शकतात. अनारशाला आठ गुण पडलेले कोणी ऐकले आहेत?

या सोळा कप्प्यांचा जन्मही मजेदार आहे. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी तो उचलून धरला. दोघींपैकी एकीनेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. मुलीच्या नावावर एक रहस्यकथा मात्र होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोणत्या माणसाला कोणते काम मानवेल हे ठरवता यावे म्हणून मुलीने ही चाचणी रचायला घेतली आणि १९६२ साली ती प्रकाशित झाली. हेतू चांगलाच होता. अडचण एवढीच की, माणूस एक तर अंतर्मुख नाही तर बहिर्मुख, असे दोनच खण तीत आहेत आणि बहुतेक माणसे दोन खणांच्या मधल्या फळीवर बसलेली असतात. त्यामुळे तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की अनेकांचा कप्पा बदलतो. आमचा ‘नियोजक’ चार दिवसांपूर्वी ‘मनमौजी’ निघाला होता.

मग ‘अगदी बरोबर आहे’ असे का वाटते? याचे उत्तर बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ सालीच देऊन ठेवले आहे. त्याने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते याला शून्य ते पाच असे गुण द्यायला सांगितले. सरासरी सव्वाचाराच्या पुढे गेली. नंतर त्याने सांगितले की, सर्वांना दिलेला कागद एकच होता आणि त्यातली वाक्ये रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती! तुम्हाला लोकांनी मान द्यावा असे वाटते, तुमच्यात न वापरलेली शक्ती पुष्कळ आहे, अशा थाटाची ती वाक्ये. कोण नाही म्हणेल? तेव्हा आजोबांची वृश्चिक रास आणि नातीचा अनारसा यांचे मूळ पीठ एकच आहे, हे दोघांनीही ध्यानात घेतलेले बरे.

करमणूक म्हणून या खेळाला हरकत नाही. पण दोन ठिकाणी जपावे. एक म्हणजे हे प्रश्न नेहमीच फुकट विचारलेले नसतात. केंब्रिज अ‍ॅनालिटिका नावाच्या कंपनीचे प्रकरण २०१८ साली जगभर गाजले, त्याच्या मुळाशी अशीच एक स्वभावचाचणी होती. चाचणी देणाऱ्याबरोबर त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांचीही माहिती तिने गोळा केली होती. भारतापुरता आकडा फेसबुकनेच दिला : चाचणी उघडणारे अवघे ३३५ आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता, ते मित्र धरून ५,६२,४५५. म्हणजे एकाने ‘मी कोण?’ विचारले आणि साऱ्या आळीची खानेसुमारी झाली.

दुसरे जपायचे ते अधिक नाजूक आहे. चाचणीतून मिळालेले नाव हळूहळू सबब बनते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण जाणतोच. पूर्वी अंगण वाकडे आहे हे स्वतःच ठरवावे लागे. आता मोबाईल तसा दाखला देतो. ‘मी अंतर्मुख आहे, म्हणून वर्गात बोलत नाही.’ ‘माझा प्रकारच असा आहे, मला शेवटच्या क्षणीच सुचतं.’ वीस वर्षांचे मूल, ज्याचा स्वभाव अजून कच्च्या मातीसारखा ओला आहे, ते आपल्या भोवती आपल्या हाताने भिंत बांधून घेते आणि वर त्यावर पाटी लावते.

आपल्याकडे स्वभावाच्या याद्या नव्हत्या असे नाही. समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खलक्षणे आहेत आणि अखेरीस पढतमूर्खाची लक्षणे आहेत. ती वाचताना पहिल्या काही ओव्यांत शेजारी आठवतात, मग साहेब आठवतात आणि आणखी थोडे पुढे गेल्यावर आपण एकाएकी गप्प होतो. ही यादी कोणालाही अनारसा म्हणत नाही! मूर्खलक्षणांना लागूनच पुढच्या समासात उत्तम लक्षणे आहेत, म्हणजे एकीतून उठून दुसरीत जायची वाट मोकळी ठेवलेली आहे. आणि त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, कागद आणि शाई कशी असावी, हे सारे त्यात आहे. स्वभाव जाणून घ्या आणि लिहायलाही बसा, असा हा व्यवहार.

पुन्हा ग्रंथालयाच्या खिडकीपाशी येते. मी त्या मुलाला म्हटले, ‘‘तुझा मोबाईल दे. आपण लक्ष्मीबाईंनाच चाचणीला बसवू.’’ आम्ही दोघे त्यांच्या वतीने उत्तरे देऊ लागलो. ‘तुम्ही रूढी पाळणाऱ्या की मोडणाऱ्या?’ आता काय लिहावे? वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिली. मग त्यांच्याकडे परतली, तरी आपले सोवळे तिने लगेच सोडले नाही. आणि जेव्हा सोडले, तेव्हा कोणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतःच्या विचाराने. ‘तुम्ही हाती घेतलेले काम पूर्ण करता का?’ टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. धड शाळेचे शिक्षण न लाभलेल्या या बाईने दुसऱ्याचे ते काम पुढे चालवले आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. तिसऱ्या प्रश्नाशी आम्ही थांबलो. चारही पर्याय खरे होते आणि एकही पुरत नव्हता.

‘‘या कुठल्याच कप्प्यात बसत नाहीत,’’ तो म्हणाला.

‘‘हेच लिही की पहिलं वाक्य.’’

तो हसला नाही. थोडा वेळ पुस्तकाच्या कडेशी चाळा करीत राहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, सोवळ्याचा तो भाग वाचला ना, तेव्हापासून आमची आजी डोळ्यांपुढे येते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा असतो. खिडकीत ठेवलेला. मी लहानपणापासून तो बघतोय. तो वेगळा का, हे मी आजीला कधी विचारलंच नाही. आजीनेच मला वाढवलंय. हे निबंधात लिहिलेलं चालतं का?’’

त्या क्षणी अकरा चाचण्यांचा उलगडा झाला. लिहायला काही नव्हते म्हणून हा मुलगा थांबलेला नव्हता; लिहायला होते, म्हणूनच थांबला होता. कोरा कागद त्याला खरा प्रश्न विचारीत होता आणि त्या प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले नव्हते. आजीवर माया आहे आणि आजीचा तो कप पटत नाही. हे दोन्ही एका माणसात, एका वाक्यात कसे मावायचे? त्यापेक्षा ‘तुम्ही दूरदृष्टीचे आहात’ हे ऐकत बसणे सोपे. आपण कामाला भितो असे म्हणतो, पण पुष्कळदा ते काम आपल्याकडून जे वदवून घेणार असते, त्याला भीत असतो.

मी त्याला सांगितले, ‘‘निबंधात चालतं. घरी वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. आज फक्त एक पान लिही. वाईट लिही. खोडलंस तरी फाडू नकोस.’’ वाईट लिहिण्याची परवानगी ही माझ्या अनुभवातली सर्वांत गुणकारी मात्रा आहे. पहिले पान चांगले लिहायला बसणारे विद्यार्थी दुसऱ्या पानापर्यंत क्वचितच पोहोचतात.

त्याचा निबंध एक दिवस उशिरा आला. नियमाप्रमाणे दोन गुण कापले गेले. नियम नियोजकांनाही लागू असतात. शुद्धलेखन जेमतेम होते, शेवट घाईत गुंडाळला होता. पण मधल्या दोन पानांत लक्ष्मीबाई होत्या, आजी होती आणि खिडकीतला कप होता. आजीला खलनायिका केलेले नव्हते आणि कपही झाकलेला नव्हता. हा मुलगा कोण आहे, हे त्या दोन पानांवरून मला जेवढे कळले, तेवढे त्याला अकरा चाचण्यांतून कळले नसेल. आणि त्यालाही ते लिहितानाच कळले असावे, कारण निबंध हातात देताना तो म्हणाला, ‘‘मॅडम, मला हे असं वाटतं, हे मलाच माहीत नव्हतं.’’

या चाचण्यांचे एक मात्र मला मान्य करावे लागते. त्या मुलांना ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारतात आणि दहाही उत्तरे न रागावता ऐकून घेतात. घरोघर मुलांना प्रश्न काही कमी विचारले जात नाहीत. अभ्यास झाला का, किती पडले, शेजारच्याला किती पडले, पुढे काय करणार, आणि हा मोबाईल कधी ठेवणार. पण यांतला एकही प्रश्न त्याला काय वाटते याविषयी नाही. प्रश्नपत्रिका कवीला काय वाटते ते विचारते. मग ज्याने कोणी ‘तुला’ काय वाटते विचारले, त्याच्याकडे पोर धावले तर नवल ते काय?

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत, सगळे घरात असताना, एक करून पहा. मोबाईल हिसकावून घेऊ नका. त्याने काही साधत नाही. मुलगा किंवा मुलगी सध्या काय वाचते आहे ते विचारा आणि त्यातले काय पटले, काय पटले नाही, हेही विचारा. उत्तर लगेच येणार नाही. ‘‘काही नाही’’ असेच येईल, कारण अशा प्रश्नांची सवय नसते. थोडे थांबा. आणि कदाचित उत्तर आपल्याच घरातल्या एखाद्या कपाविषयी आले, तर ‘‘मोठ्यांना शिकवू नकोस’’ हे वाक्य तेवढ्यापुरते गिळा. फराळाबरोबर ते सहज गिळता येईल.